ओढ आणि अ‍ॅव्हरेज : प्रस्तावना

मराठीत ‘पिकअप’ हा शब्द दोन अर्थांनी रुळला आहे. एक म्हणजे पुढे केबिन आणि मागे फाळके लावलेला उघडा हौदा असलेली मालवाहू गाडी, आणि दुसरा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडीने घेतलेली ओढ. ‘पिकअपला पिकअप राहिलं नाही’ असं नाशिकच्या किंवा नारायणगावच्या गॅरेजात कोणी म्हटलं, तर तिथे कोणाला हसू येत नाही. या शब्दाच्या पाठोपाठ ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्दही येतोच. इंग्रजीतल्या या साध्या सरासरीला आपण ‘लिटरमागे किती किलोमीटर’ एवढाच अर्थ देऊन टाकला आहे. जुनी गाडी घेणारा माणूस गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि विचारतो, ‘देते किती?’ ओढ आणि अ‍ॅव्हरेज यांच्याबद्दल आपल्याकडे एक पक्की समजूत आहे, की दोन्ही एकदम मिळत नाहीत. ओढ हवी असेल तर डिझेल ओता आणि अ‍ॅव्हरेज हवं असेल तर घाटात मागच्या ट्रकवाल्याचा हॉर्न ऐका. नव्या गाडीच्या आखणीत या समजुतीला काही आधार आहे. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीच्या बाबतीत मात्र ती बहुतेक वेळा चूक असते. तिथे ओढ आणि अ‍ॅव्हरेज एकाच वाटेने गळतात आणि ती गळती बुजवली तर दोन्ही बरोबरच परत येतात. प्रस्तुत पुस्तक या एका म्हणण्याभोवती उभं आहे.

आधी गाडीला मुळात किती काम करावं लागतं ते पाहू. स्वतःचं वजन १.६ टन आणि वर १.२ टन माल, अशी २.८ टनांची पिकअप सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने चालली आहे असं धरू. टायर घरंगळताना होणारा विरोध साधारण ३३० न्यूटन आणि चौकोनी केबिनला हवेचा विरोध २१० न्यूटनच्या आसपास. म्हणजे एक किलोमीटर जायला अर्ध्या मेगाज्यूलहून थोडं अधिक काम करावं लागतं. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. जुन्या धाटणीचं धडधाकट इंजिन रोजच्या चालण्यात त्यातला साधारण पाव हिस्सा फिरत्या शाफ्टपर्यंत आणतं. उरलेला तीन चतुर्थांश हिस्सा सायलेन्सर, रेडिएटर आणि आतल्या घर्षणात जातो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून आणखी दहावा भाग खातात, आणि चाकाशी पोचतात आठ मेगाज्यूल. भागाकार केला की लिटरला पंधरा किलोमीटर येतात. हीच गाडी ताशी ८० ने हाकली तर टायरचा विरोध जवळपास तेवढाच राहतो, पण हवेचा अडीच पटीहून वर जातो आणि तोच भागाकार साडेनवाच्या खाली येतो. इंजिनाला कोणी हात लावलेला नाही, एक स्क्रूही फिरवलेला नाही, आणि तरीही तिसऱ्या हिश्शाहून जास्त अ‍ॅव्हरेज गेलं. ‘ही गाडी अमुक देते’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. काय वजन घेऊन, किती वेगाने, कुठल्या रस्त्यावर, हे बोलल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

पिकअपचा जन्म अमेरिकेतला. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी मोटारीच्या मागे कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली. पुढे त्या देशात पिकअप हे शेतकऱ्याचं आणि हळूहळू कोणाचंही घरगुती वाहन झालं. इंजिनं पेट्रोलची आणि बहुधा आठ सिलिंडरची असत, कारण इंधन स्वस्त होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ साली तिथे इंधनबचतीचा कायदा आला आणि हलक्या ट्रकांसाठी मोटारींहून वेगळी, सैल मापं ठरली. आपल्याकडची कहाणी वेगळ्या दिशेने गेली. इथे पिकअप पहिल्यापासून पोट भरायचं साधन होतं आणि काटकसर कायद्याने नव्हे, तर डिझेलच्या बिलाने शिकवली. मोटारींच्या इंधनखपतीचे नियम भारतात २०१७ मध्ये सुरू झाले तेव्हा ते प्रवासी मोटारींपुरते होते, मालवाहू पिकअप त्यात नव्हती. म्हणून पिकअपच्या अ‍ॅव्हरेजचं ज्ञान आपल्याकडे सरकारी तक्त्यांत साठलं नाही. ते गॅरेजांत, धाब्यांवर आणि बाजार समित्यांच्या आवारात साठलं आणि बरंचसं तोंडी राहिलं.

या गाड्यांचं इंजिन-घराणं पाहिलं तर त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात, मुंबई-पुणे-नाशिकच्या पट्ट्यात घडलेला दिसतो. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या, तेव्हा त्यांच्यात पेट्रोल इंजिन होतं. ट्रॅक्टरसाठी या समूहाने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने कंपनी काढली आणि त्या ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन पुढे जीपच्या बॉनेटखाली आलं. ही नातेवाईकी आजही मोजून दाखवता येते. बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसी इंजिनाचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर आहे. हे विचित्र दशांश इंचात बदलले की सरळ साडेतीन इंच आणि चार इंच होतात, आणि चार इंचांचा तो स्ट्रोक नांगराच्या पुढे चालणाऱ्या इंजिनाचा आहे. लांब स्ट्रोकचं इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं पण पळायला कुरकुरतं, हा त्याचा स्वभाव ट्रॅक्टरकडूनच आला. दुसरं घराणं फ्रेंच. १९७९ साली पेजोशी झालेल्या करारातून एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं आणि ते इगतपुरीला तयार होऊ लागलं. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर एवढंच त्या नावात सांगितलेलं आहे. टाटांची नावंही याच पद्धतीची. १९८८ च्या टाटा मोबाइलमधलं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, ८३ चा बोअर, आणि २०७ डीआयमधलं २९५६ सीसीचं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोअर. पुण्याच्या बजाज टेम्पोने तर आपल्या नावाचा शब्दच मराठीला देऊन टाकला. गाडी कोणत्याही कंपनीची असो, माल वाहते म्हटल्यावर तो टेम्पोच. आणि २००५ साली आलेली दोन सिलिंडरची, ७०२ सीसीची टाटा एस लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून गोठ्यात बांधली. ती या पुस्तकात अधूनमधून डोकावते, पण विषय तिचा नाही.

नावांपेक्षा महत्त्वाचा फरक जळणाच्या पद्धतीत आहे आणि नवख्या वाचकाने तो आधी समजून घ्यावा. पेजोचं किंवा टाटांचं ४८३ सारखं जुनं इंजिन ‘इनडायरेक्ट’ पद्धतीचं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या एका छोट्या खोलीत पडतं. हवा त्या खोलीत भोवऱ्यासारखी शिरते, तिथे आग लागते आणि मग ज्वाळा अरुंद दारातून पिस्टनवर येते. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने १९३० च्या दशकात ही युक्ती नावारूपाला आणली. तिने इंजिन मऊ चालतं, फेऱ्या जास्त सोसतं आणि फवारा जरा जाडाभरडा असला तरी निभावून नेतं. पण त्या खोलीच्या भिंती आणि तो अरुंद मार्ग उष्णता पितात, आणि त्याची किंमत साधारण दहा ते पंधरा टक्के डिझेल इतकी असते. थंडीत सुरू होण्यासाठी हीटर प्लग लागतात तेही याच कारणाने. ‘डायरेक्ट’ पद्धतीत, म्हणजे गाडीच्या मागे ‘डीआय’ लिहिलेलं असतं त्यात, डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत मारलं जातं. उष्णता वाचते, अ‍ॅव्हरेज वाढतं, आवाजही वाढतो आणि फवारा बारीक असण्याची गरज फार कडक होते. त्यानंतर टर्बो आला आणि मग कॉमन रेल, म्हणजे पंपाने दाब साठवून ठेवायचा आणि केव्हा, किती सोडायचं ते संगणकाने ठरवायचं. भारत स्टेज ३ ची मापं २०१० मध्ये देशभर लागू झाली, ४ ची २०१७ मध्ये आणि ६ ची १ एप्रिल २०२० रोजी. या पायऱ्या चढताना मेकॅनिकल पंप हळूहळू हद्दपार झाला. या पुस्तकातली ‘जुनी’ पिकअप म्हणजे तो पंप असलेली किंवा त्यानंतरच्या पहिल्या पिढीची कॉमन रेल.

आता गळतीकडे जवळून पाहू. नोझल तपासायचं यंत्र बऱ्याच पंप-गॅरेजांत टेबलाच्या कडेला बसवलेलं असतं. एक हातदांडा, एक दाबाचं घड्याळ आणि खाली काचेचं भांडं. नोझल उलटा अडकवून दांडा दाबला की काटा चढत जातो. जुन्या इनडायरेक्ट इंजिनाचा नोझल साधारण १२० बारच्या आसपास उघडतो, डीआयचा दोनशेच्या वर. चांगला नोझल उघडताना ‘बोलतो’. दांडा हळू दाबला तरी चर्र-चर्र असा आवाज येतो, कारण आतली सुई दर क्षणाला उघडमीट करत असते, आणि भांड्यात उतरतं ते धुकं, पाणी नव्हे. झिजलेला नोझल मुका असतो. काटा पुरता चढायच्या आत डिझेल पिचकारीसारखं सुटतं आणि बंद झाल्यावर टोकाशी एक थेंब लोंबत राहतो. मालकाची दोन्ही दुःखं त्या थेंबात आहेत. तो उशिरा जळतो किंवा अर्धवट जळतो. उशिरा जळलेलं डिझेल पिस्टन खाली जात असताना उष्णता देतं, त्यामुळे ढकलण्याऐवजी सायलेन्सर तापतो आणि ओढ जाते. डिझेल मात्र पुरतं खर्च झालेलं असतं, म्हणून अ‍ॅव्हरेज जातं. पंपाच्या आतही हीच गोष्ट. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या वीस-पंचवीसाव्या हिश्शाएवढी. पाणी किंवा धूळ मिसळलेलं डिझेल ती फट मोठी करतं, दाब उशिरा बनतो आणि टायमिंग कोणी न हलवताही मागे पडतं. नाशिकच्या सातपूरला याच नोझल-इंजेक्टरांचा मोठा कारखाना आहे. तिथे मायक्रॉनमध्ये जपलेली वस्तू वर्षानुवर्षं न बदललेल्या फिल्टरमागे घालून चालवायची आणि मग कंपनीच्या गाडीत दम नाही म्हणायचं, हा आपल्याकडचा रिवाज. कॉम्प्रेशन उतरणं, टॅपेट आवळले जाणं, एअर फिल्टर चोंदणं, मागच्या चाकाचा ब्रेक घासत राहणं, ही बाकीची कारणंही तपासून पाहिली तर तीच खूण दिसते. यांपैकी प्रत्येकाने ओढही जाते आणि अ‍ॅव्हरेजही.

इथे अनुभवी मेस्त्री हरकत घेईल आणि ती रास्त आहे. तो म्हणेल, ‘पंपाचं डिझेल वाढवलं की गाडी पळते, हे आम्ही रोज बघतो. मग दोन्ही एकत्र कसे?’ पळते हे खरंच. पंपावर पूर्ण लोडला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा स्क्रू असतो, तो फिरवला की ओढ वाढते. पण किती वाढते ते डिझेल ठरवत नाही, हवा ठरवते. एक किलो डिझेल पुरतं जळायला कागदावर साडेचौदा किलो हवा लागते आणि प्रत्यक्षात, डिझेल हवेत नीट मिसळायला फुरसत नसल्याने, वीसएक किलो. टर्बो नसलेलं इंजिन हवा ओढतं ती आपल्या सिलिंडरांच्या मापाने. इगतपुरीच्या उंचीवर ती हवा पाचसहा टक्के विरळ असते, महाबळेश्वरला बारा टक्क्यांच्या आसपास. त्या मर्यादेपलीकडचं डिझेल काळा धूर होऊन मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जातं. म्हणजे नीट असलेल्या इंजिनावर स्क्रू फिरवला तर थोडी ओढ मिळते आणि तिच्यापेक्षा जास्त डिझेल जातं, तिथे ती जुनी समजूत खरी. बिघडलेल्या इंजिनावर तोच स्क्रू फिरवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी वाढवणं. आणि हा उपाय बहुतेक वेळा बिघडलेल्या इंजिनावरच होतो, कारण ओढ गेल्याची तक्रार घेऊन गाडी आली म्हणजे आत काहीतरी गेलेलंच असतं. मेस्त्रीचं निरीक्षण बरोबर आहे, त्यातून काढलेला नियम तेवढा चुकीचा.

या क्षेत्रात मतांचे काही पंथ आहेत आणि त्यांची भांडणं जुनी आहेत. एक पंथ कंपनीच्या मॅन्युअलचा. सगळं कारखान्याच्या मापावर आणा, त्यापुढे अक्कल चालवू नका. दुसरा कानाचा आणि हाताचा. आवाज ऐकून टायमिंग सांगणारे, सायलेन्सरचा धूर बघून रिंगा गेल्या की नोझल गेले ते ओळखणारे कारागीर या पंथातले. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरलंय, ही त्यांची पाटी. माझा कल उघडपणे या दोघांच्या मधे आहे. कान रोग फार लवकर ओळखतो, पण तो किती झाला ते मोजत नाही. तिसरा पंथ बदल करणाऱ्यांचा, मोठा टर्बो, मोठे टायर, संगणकाचं नवं मॅपिंग. त्यांची करामत खरी असते, पण ती दुसऱ्या कामाची आहे, कांद्याच्या गोणी वाहायची नव्हे. चौथा चालकाच्या पायाकडे बोट दाखवणाऱ्यांचा. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहे, ताशी ४५-५५ चा वेग, टायरमध्ये हवा, क्लचवर पाय नको. मागचं गणित पाहता हा पंथ इतका बरोबर आहे की कंटाळवाणा वाटतो आणि त्यामुळेच दुर्लक्षिला जातो. पाचवा पंथ चुंबकं, गोळ्या आणि डिझेलच्या नळीवर बांधायच्या डब्यांचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली. फारच थोड्यांनी काही फरक दाखवला आणि तोही नगण्य. यावर पुस्तकात जेमतेम दोन पानं आहेत.

चालकांच्या विद्येतला एक भाग मात्र तपासून घ्यावा लागतो, तो म्हणजे उतारावर न्यूट्रल मारणं. डिझेल वाचतं असा समज. प्रत्यक्षात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि फेऱ्या आयडलच्या वर असल्या, की जुन्या पंपाचा गव्हर्नरसुद्धा डिझेल बंद करतो आणि चाकं इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरावं लागतं, म्हणजे आयडलचं डिझेल चालूच. त्यावर इंजिन ब्रेक गेला, सगळा भार ड्रमवर आला. इंजिनच बंद केलं तर ब्रेकच्या व्हॅक्यूमचा साठा एक-दोन दाबांत संपतो. अगदी सौम्य, लांब उतारावर न्यूट्रलने थोडी बचत होते हे खरं, पण घाट म्हणजे असा उतार नव्हे.

मोजण्यातली फसगत हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आणि म्हणून त्यावर पुस्तकाने जास्त जागा घेतली आहे. टाकी फुल ते टाकी फुल ही पद्धत चांगली, पण पंपावर नळी आपोआप कुठे थांबते त्यात लिटरभर फरक पडू शकतो. वीस लिटरच्या भरण्यात तो पाच टक्के झाला, म्हणजे एका टाकीवरून सांगितलेला अर्ध्या किलोमीटरचा फरक हा फरकच नव्हे. दुसरी फसवणूक टायरची. किलोमीटरचा काटा चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. टायरची नक्षी आठ मिलिमीटर झिजली की चाकाची त्रिज्या दोन टक्क्यांहून थोडी अधिक घटते आणि तेवढ्याच रस्त्याला काटा तितके जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर घातल्याबरोबर ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ अशी ओरड होते तिचा एक भाग इथे आहे. त्या दिवशी अ‍ॅव्हरेज पडत नाही, आधीचं खोटं असतं. तिसरी फसवणूक लिटरला किलोमीटर या मापातच आहे. गाडी ९ वरून १० वर आणली तर शंभर किलोमीटरला १.१ लिटर वाचतं. १४ वरून १५ वर आणली तर अर्ध्या लिटरहूनही कमी. मिळवलेला ‘एक’ सारखाच दिसतो, पैसे मात्र अर्ध्याहून कमी. याचाच अर्थ असा, की सर्वांत रडतखडत चालणाऱ्या गाडीवर केलेली मेहनत सर्वांत जास्त फळते. आधीच बरी असलेल्या गाडीतून आणखी एक किलोमीटर पिळून काढायला लोक हजारो रुपये घालतात आणि वाडीतल्या खंगलेल्या गाडीकडे कोणी बघत नाही.

मालवाहतुकीत तर खरं माप टनाच्या हिशोबाने लावावं लागतं. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोच्या वीस किलोच्या साठ क्रेट घेऊन मुंबईला निघालेली गाडी १.२ टन वाहते आणि येताना बहुधा रिकामी येते. जाताना ती ११ देते की १२ यापेक्षा परतीचं भाडं मिळालं की नाही यावर टनामागचं डिझेल कितीतरी जास्त ठरतं. इथे एक अडचणीचं सत्य पुढे येतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. टन-किलोमीटरच्या हिशोबात जास्त भरलेली गाडी काटकसरी ठरते, कारण तीस टक्के माल वाढला तरी डिझेल तीस टक्के वाढत नाही. ओव्हरलोड करणारा मालक हिशोबात कच्चा नसतो. त्याने हिशोबातून गाळलेल्या बाबी वेगळ्या असतात, म्हणजे कमान पाटे, तापून फुटणारे टायर, उतारावर विरलेले ब्रेक, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये अधिक प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड. घाट चढताना तर वजनाचा हिशोब रोकडा असतो. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाताना गाडी साधारण तीनशे मीटर चढते. २.८ टन तीनशे मीटर उचलायला आठ मेगाज्यूल लागतात, म्हणजे आपल्या मघाच्या हिशोबाने बरोबर एक लिटर डिझेल, फक्त उंचीसाठी, रस्त्याचं निराळं. उतरताना ते परत मिळत नाही, ड्रम तापवून जातं. टनभर माल जास्त भरला की प्रत्येक चढाला आणखी तिसरा हिस्सा लिटर.

हा विषय आजच का घ्यायचा, याचं एक कारण पैशाचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून सुटले आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रात लिटर नव्वद रुपयांच्या आसपास होतं. महिन्याला दोन हजार किलोमीटर चालणारी पिकअप ११ वरून १३ वर आली तर अठ्ठावीस लिटर, म्हणजे त्या भावाने अडीच हजार रुपये वाचतात. हप्ता फिटलेल्या गाडीच्या मालकासाठी हा फरक बहुधा नफा आणि तोटा यांमधला असतो. दुसरं कारण धोरणाचं. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने वयापेक्षा फिटनेसवर भर दिला. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं आणि ते यंत्रावर होऊ लागलं आहे, जिथे ब्रेक आणि धूर कोणाच्या ओळखीने सुधारत नाहीत. इथे सर्वांत गंभीर हरकत येते. जुन्या गाड्या नीट करण्याचं शिक्षण देणं म्हणजे प्रदूषण लांबवणं नव्हे का? थोडं तरी नक्कीच. नीट जुळवलेलं जुनं इंजिन बिघडलेल्या जुन्या इंजिनापेक्षा फार कमी धूर सोडतं, पण ते भारत स्टेज ६ च्या गाडीशी बरोबरी करू शकत नाही. शिवाय टायमिंग पुढे घेऊन अ‍ॅव्हरेज वाढवलं की नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. पीयूसी केंद्रावरचं यंत्र डिझेल गाडीचा फक्त धूर किती दाट ते मोजतं, हा वायू मोजतच नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हातात असून हवा बिघडू शकते. म्हणून या पुस्तकात टायमिंग कंपनीच्या खुणेपलीकडे नेण्याचा सल्ला कुठेही नाही, त्यात अ‍ॅव्हरेजचे दोन टक्के सोडावे लागले तरी. जुन्या गाड्या उद्याच रस्त्यावरून जाणार असत्या तर हा खटाटोप करायची गरज नव्हती. त्या जाणार नाहीत, कारण त्यांच्या जागी नवी गाडी घ्यायची ऐपत त्या भाड्यांतून येत नाही. जातील तोवर त्या कशा चालतात हा प्रश्न खरा आहे.

पुस्तकाची रचना या विचारातून आली आहे. ते इंजिन उघडण्यापासून सुरू होत नाही. आधी वही, मग टायर आणि चाकं, मग हवा आणि फिल्टर, मग नोझल आणि पंप, आणि हेड उतरवण्याची वेळ शेवटी, असा क्रम स्वस्त कामाकडून महाग कामाकडे जातो. गॅरेजात हा क्रम पुष्कळदा उलटा असतो आणि त्यामागे आळस नसतो, इंजिन बांधण्यात मजुरी मिळते आणि हवा भरण्यात मिळत नाही. आयटीआयच्या विद्यार्थ्याला गणिताचे भाग उपयोगी पडतील. गाडीमालकाने ते ओलांडून पुढे गेलं तरी चालेल, फक्त मोजमापाचा भाग सोडू नये. काही गोष्टी हेतुतः घेतलेल्या नाहीत. सीएनजीचं किट, विजेवर चालणाऱ्या छोट्या मालगाड्या आणि भारत स्टेज ६ ची धूर गाळणारी यंत्रणा हे वेगळ्या पुस्तकाचे विषय आहेत. सोप्या-अवघडाचा प्रश्न आला तिथे गॅरेजातला शब्द घेतला आहे. ‘इंधन अंतःक्षेपक’ पुस्तकात सापडणार नाही, नोझल सापडेल.

मापांबद्दल एक सूचना. इंधनखपत बहुतेक ठिकाणी शंभर किलोमीटरला लिटर अशी दिली आहे, शेजारी सवयीचं अ‍ॅव्हरेजही आहे. दाब बारमध्ये आहेत. जुन्या मॅन्युअलांत ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर असे छापलेले दिसतात. दोन्हींत फरक दोन टक्क्यांचा, नोझलच्या घड्याळावर तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून गॅरेजच्या कामापुरते दोन्ही एकच धरले आहेत. टॅपेटची मापं मात्र मिलिमीटरमध्येच वाचावीत, आणि ती गार इंजिनाची की गरम इंजिनाची हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेलं आहे.